इथे लाल चायनीज मिळत नाही

"लाल पाहिजे तर रंगाच्या दुकानात जा."

दारात उभं राहून कुणी 'चायनीज हाय का' विचारलं की माझ्या शेजारच्या हॉटेलवाल्याचं हे पहिलं वाक्य. खांद्यावरचं फडकं एका खांद्यावरनं दुसऱ्या खांद्यावर टाकायचा, समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाकडं बोट करायचा आणि हे म्हणायचा. त्यात राग नसायचा. एसटीची चौकशी केली तर आपण फलाट दाखवतो ना, तसा दाखवायचा. निम्मी माणसं तिथूनच मागं फिरायची. उरलेली निम्मी आत बसून विचारायची, "मग हाय काय तुझ्याकडं?"

भोरच्या एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत माझं शेगडी-कुकर दुरुस्तीचं दुकान. माझं शिक्षण चौथी. पान्यानं लिहायला सांगितलं असतं तर जास्त चांगलं लिहिलं असतं, पण आता लिहायला घेतलंय तर लिहितो. माझ्या शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा पडला होता. तिथं तो आला. चाळिशीचा असेल. अंगानं काटक, डोक्यावरचे केस मागं सरकलेले, मिशी मात्र भरघोस. तीन टेबलं, बारा खुर्च्या आणि एक भट्टी घेऊन आला. भट्टी मीच बसवून दिली. बसवतानाच विचारलं, "काय करणार हितं?"

"नूडल. पाण्यातले."

"हे भोरात चालायचं न्हाई," मी म्हणालो. मी स्पष्ट बोलतो, त्याचं कुणी वाईट वाटून घेतलं तर तो त्याचा प्रश्न. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाला, "नाना, तुमी भट्टी चालवून द्या, दुकान मी चालवतो."

पुढं जे झालं त्यात माझं म्हणणं खरं ठरलं. आपलं खरं झालं याचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्यानं दुकानाला नावच ठेवलं नाही. पेंटरला बोलावलं आणि पत्र्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, 'इथे लाल चायनीज मिळत नाही'. पेंटरनं दोनदा विचारलं म्हणे, नक्की का? दुकानात काय मिळतं ते लिहायची जगाची रीत. ह्यानं काय मिळत नाही ते लिहिलं आणि मग आत बसून गिऱ्हाइकाची वाट बघत राहिला.

तो मूळचा वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा. डोंगराच्या खांद्यावर पाच-सहा घरांची वस्ती आहे, तिथला. घरी शेरडं-मेंढरं, थोडी गुरं. पोरवयात पुण्याला गेला आणि एका हॉटेलात भांडी घासायला लागला. तिथला आचारी कुठला तरी फार लांबचा होता. कुठला विचारलं की हा नुसता "लई लांबचा" म्हणायचा. त्या आचाऱ्याचं मराठी कच्चं, ह्याचं हिंदी कच्चं. त्यामुळं दोघांत बोलणं कमी आणि काम जास्त झालं, म्हणून असेल, पण शिकला चांगला.

सकाळी मी दुकान उघडायला यायचो तेव्हा ह्याचा मैदा मळून झालेला असायचा. अंडं घालून मळायचा, दाबून दाबून. मग मोठी पोळी लाटायची, घडी घालायची आणि सुरीनं अशी कापायची की बघत राहावं. कापलेले नूडल कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, काठ्यांवर टाकून मागच्या ओट्यावर वाळत ठेवायचा. खाण्याच्या काड्यासुद्धा त्यानं घरच्याच कळकाच्या तासून आणल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात निम्म्या गेल्या. एक गवळी दोन काड्या खिशात घालून घेऊन गेला, कॅनमधलं दूध ढवळायला बऱ्या म्हणून. तेव्हापासून ह्यानं मुकाट्यानं काटे-चमचे ठेवले.

रस्सा कोंबडीच्या हाडांचा. आलं, लसूण, मीठ, बास. सकाळपासून मंद आचेवर. वाडग्यात ओतला की वाडग्याच्या तळाला रंगवलेलं फूल वरनं दिसायचं. त्यावर नूडल, अर्धं अंडं, पातीचा कांदा. आणि वाडगा टेबलावर ठेवताना त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य, "गरम हाय तवर खा. गप्पा गार झाल्या तरी चालत्यात."

मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्याला सांगितलं, "लेका, हे अळणी हाय." तुम्हाला माहीत असेल, मटणाला मसाला लावायच्या आधी जे नुसतं मिठाचं पाणी काढून घेतात ते अळणी. ते लहान पोराला देतात, आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात. धडधाकट माणसापुढं अळणी ठेवून कुणी बिल मागत नाही. ह्यानं नेमका तोच धंदा काढला होता.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "आजारी पडल्यावर जे बरं लागतं ते एरवी का वाईट लागावं?"

आणखी एकदा कधीतरी, दुकानात माशी नव्हती अशा दुपारी, मी त्याला म्हणालो की थोडा रंग टाकला तर काय बिघडतं. बाहेर हातगाडीवर बघ, कढई लाल, पोरांची तोंडं लाल, गाडीखालचं कुत्रं लाल. गर्दी हटत नाही. त्यानं पातीच्या कांद्याची जुडी चिरून बाजूला सारली. मग म्हणाला, "रंग घातला की आपुन काय खातुया ते दिसत न्हाई, नाना." एवढंच. पण तो ज्या गावात दुकान मांडून बसला होता तिथं बऱ्याच जणांना ते न दिसलेलंच पाहिजे होतं.

त्याला एकच पाहिजे होतं. गावातल्या माणसानं घरच्यांना घेऊन यावं, खुर्चीत टेकून बसावं आणि वाडगाभर खाऊन पोट भरलं म्हणून उठावं. पार्सल नको, हाफ प्लेट नको. जेवण म्हणून खावं. नवीन गिऱ्हाईक बसलं की हा भट्टीआडून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. कॉलेजची पोरं यायची, ती मोबाईलकडं बघत खायची. त्यांचं तोंड त्याला कधी धड दिसलंच नाही.

आमच्या हिचं आणि त्याचं मात्र जमलं. ही म्हणजे माझी बायको. दुपारी मला डबा घेऊन यायची आणि परत जाताना त्याच्या दुकानात पंख्याखाली बसायची. हॉटेलात खाणं तिला माहीतच नव्हतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आचाऱ्याचे हात कसे आहेत ते बघून यायची आणि मगच पानावर बसायची. ह्याचं कापणं ती बघत बसायची आणि बोलत राहायची. "शेवया हातानं वळाव्यात रे. सुरीनं कसल्या कापतोस? उद्या भाकरी पण कात्रीनं करशील." तो म्हणायचा, "मावशी, तुमी वळून दावा." ही म्हणायची, "माझ्याकडं तेवढा येळ न्हाई," आणि तासभर बसायची.

एके दिवशी तिनं आपणहून वाडगा मागितला. मी मधल्या भिंतीला कान लावून होतो. नंतर मला कळलं, तो फडकं दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा होता, निकालाला उभं राहतात तसा. तिनं सगळं खाल्लं. रस्सा प्यायली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय."

हे किती मोठं आहे ते तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही तिच्या हातचं जेवला नाही. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकाला तिनं कधी एवढंही म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून हा प्रत्येक गिऱ्हाइकाला वाडगा देताना सांगायचा, "शेजारच्या मावशीनं मीठ बरोबर हाय म्हणून सांगितलंय." नसरापूरहून आलेला माणूस विचारायचा, कोण मावशी? हा बोट करून माझं शेगडीचं दुकान दाखवायचा.

मग ही गेली.

कशानं गेली, कुठल्या दवाखान्यात काय झालं, ते लिहीत बसत नाही. सगळ्यांच्या घरी तेच होतं आणि सगळ्यांना वाटतं आपल्याच घरी झालं. संध्याकाळी आम्ही नदीवरून परत आलो. आमच्याकडं अशा दिवशी घरात चूल पेटत नाही. पाहुणे आणि शेजारी जेवण घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. पिठलं-भाकरी असते बहुतेक, फोडणी न दिलेली. घरातल्या माणसांना दोन घास बळंच खायला लावायचे, असा तो रिवाज.

तेव्हा पाट्याच्या पाट्या भाकरी आल्या होत्या. माझा मुलगा पुण्याहून आला होता, तो मला म्हणत होता, अण्णा, खा. माझा मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, तो म्हणत होता, दाजी, खावं लागतं. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला. सगळा जन्म एकाच हाताची भाकरी खाल्लेला घसा. दुसरी भाकरी आत घ्यायची म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी तुकडा हळूच काढून मुठीत ठेवला.

तेवढ्यात तो आला. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, डोक्याला टोपी. दोन्ही हातांत कापड बांधलेलं पातेलं. सगळ्या बसलेल्या माणसांमधून वाट काढत आला, पातेलं माझ्यापुढं ठेवलं, कापड सोडलं. आत नूडल. नुसते, उकडलेले, पांढरे, मिठाच्या पाण्यात.

बसलेल्या माणसांनी माना लांब करून पातेल्यात बघितलं.

त्यानं अगदी गंभीरपणे सांगितलं, "फोडणी दिली न्हाई. हळद न्हाई. हाडांचं पाणी न्हाई, साधं हाय. पिठात अंडं बी घातलं न्हाई आज." म्हणजे सुतकाचे सगळे नियम त्यानं एकेक करून पाळले होते. राहिलं होतं ते एकच, की कडू घास म्हणून कुणी चायनीज आणत नाही.

मेव्हणा पुढं सरकला. "आरं, हे काय आणलंस? मयताच्या घरी?"

"मला हेच येतं," तो म्हणाला.

मी पातेलं पुढं ओढलं आणि खाल्लं. का ते सांगतो. ते हिनं कधी केलेलं नव्हतं. त्यामुळं ते तिच्यासारखं झालंय की नाही हे बघायचा प्रश्नच नव्हता. घशाला चोरून गेल्यासारखं ते खाली गेलं. मी खातोय हे बघून माझी म्हातारी चुलती म्हणाली, द्या रं मला बी थोडं, माझ्याच्यानं भाकरी चाववत न्हाई. मग आणखी दोघांनी घेतलं. त्या रात्री पातेलं रिकामं करूनच तो घरी गेला.

आता खरं म्हणजे गोष्ट इथं चांगली संपायला हवी. एका माणसानं चांगलं केलं, लोकांनी बघितलं. पण लोकांनी बघितलं हाच घोटाळा झाला.

माझा मेव्हणा बोलका माणूस. बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे, दिवसभर माणसं समोर बसलेली असतात. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. त्यानं फक्त सांगितलं. ज्याला सांगितलं त्यानं पुढं सांगितलं. दहावा व्हायच्या आत भोरात सगळ्यांना माहीत झालं की स्टँडमागचा तो पांढऱ्या पाण्यातला पदार्थ म्हणजे मयताच्या घरचं जेवण. आधी लोक त्याला बेचव म्हणायचे. बेचवपणाकडं माणूस एखाद्या वेळी कानाडोळा करतो. पण पोराच्या वाढदिवसाला कडू घास कोण खायला घालेल?

एका शिक्षकानं मुलीच्या वाढदिवसासाठी सगळं दुकान सांगून ठेवलं होतं. ह्या दुकानाची पहिली मोठी ऑर्डर. ह्यानं टेबलांना कागद लावले होते. शिक्षक येऊन चोरट्या आवाजात म्हणाला, की आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या आहेत. हा म्हणाला, असू दे. शिक्षक गेल्यावर मला म्हणाला, "नाना, शास्त्र शिकवतो म्हणं हा मास्तर." मग टेबलांचे कागद काढून नीट घडी घालून ठेवले.

आता माझं ऐका. हे सगळं चाललेलं मला धड कळत नव्हतं, कारण मी दोन वेळचं त्याच्याकडंच जेवत होतो. मुलगा पुण्याला चला म्हणून मागं लागला होता. सुनेनं मिक्सर, शेगडी, महिन्याचं सामान भरून दिलं होतं. पण घरात पीठ बघितलं की मी बाहेर पडायचो. त्याचं दुकान हे एकच ठिकाण होतं जिथं माझ्या पोटात काही जात होतं. तो मला दाराजवळच्या टेबलावर बसवायचा, कारण मला रस्ता बघायला आवडतो. मी बसायचो, टक्कल केलेला, दाढी वाढलेली, तोंड तुम्हाला माहीत आहेच कसं असतं अशा माणसाचं. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायचा, दुकानात एक विधुर बसलाय आणि मयताचं जेवण जेवतोय. पाटीवर जे लिहायचं राहिलं होतं ते मी बसून सांगत होतो.

मला ते मेव्हण्यानं सांगितलं. तोंडावर सांगितलं, ते बरं केलं.

"दाजी, तुमी तिथं बसताय म्हणून त्याच्याकडं कुणी फिरकत न्हाई."

"तू सांगत सुटलास म्हणून फिरकत न्हाई," मी म्हणालो.

"मी एकदा सांगितलं. तुमी रोज दोनदा सांगताय."

खोटं नव्हतं. मी जायचं बंद केलं. बिस्किटं खाल्ली, केळी खाल्ली, एकदा उपाशी झोपलो. दुकानात मी शेजारीच होतो, पण मी मान वर करून त्याच्याकडं बघायचो नाही. दोन-तीन दिवसांनी तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. मी एका कुकरची शिट्टी उघडून बसलो होतो.

"नाना, माझं काय चुकलं का?"

"तुझं न्हाई. मी तिथं बसलो की तुझा धंदा बसतो."

"तुमी नव्हता तवा तरी कुठं उभा होता?"

"थट्टा करू नको. चार माणसं यायची ती पण थांबली. मला कळतं."

तो माझ्यासमोर खाली बसला. म्हणाला, "मग आता मी काय करू सांगा. ज्याला खायचंय त्याला न्हाई म्हणू, आन जे येत न्हाईत त्यांच्यासाठी खुर्ची राखू?"

मग मी तोड काढली. म्हणालो, मी मागच्या दारानं येतो. ओट्यावर बसून खातो, कुणाला दिसायला नको. तुझंही चालेल, माझंही.

त्याचं तोंड बदललं. त्याच्या तोंडावर राग मी त्या एकाच वेळी बघितला. "माझ्या मागच्या दारानं फकस्त कचरा जातो, नाना," तो म्हणाला. उठला आणि गेला. दुपारी मी पुढच्या दारानं गेलो. वाडगा दाराजवळच्याच टेबलावर ठेवलेला होता.

मधे एकदा वाटलं, दिवस फिरतात. गल्लीच्या तोंडाला एक घर आहे, त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. तिला डोहाळे लागले ते नेमके ह्याच्या नूडलचे. दुसरं काही नको, आंबा नको, चिंच नको. तिच्या सासूची पंचाईत बघण्यासारखी झाली. गरोदर बाईला मयताचं जेवण द्यावं कसं, आणि डोहाळे मोडावेत कसे? शेवटी सासूबाई संध्याकाळी पदराखाली डबा लपवून मागच्या ओट्याकडं आल्या. ह्यानं मागचं दार लावून घेतलं आणि सांगितलं, पुढून या. त्या पुढून आल्या. ह्यानं सांगितलं, बसा, पाच मिनिटं लागतील. बसल्या. मग ह्यानं त्यांच्यापुढंही एक वाडगा ठेवला, गरम हाय तवर खा म्हणाला. त्या बाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, माझ्याकडं पाठ केली आणि सगळा वाडगा संपवला. रस्सासुद्धा.

भट्टीआडून त्यानं तिचं तोंड बघितलं, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या दिवशी तो स्वतःशीच शीळ घालत होता.

पुढं महिना-दीड महिना त्या रोज यायच्या. सुनेसाठी डबा आणि स्वतःसाठी वाडगा. पण गल्लीत विचारलं तर म्हणायच्या, सुनेचे डोहाळे, काय करणार बाई, आपल्याला तर वासही सहन होत नाही. मग सून माहेरी गेली, बाळंत झाली. डोहाळे संपले. गिऱ्हाईक संपलं. डोहाळे सासूचेही होते हे त्यांना कबूल करता आलं असतं तर दुकान आणखी चार महिने चाललं असतं.

दिवाळी झाल्यावर त्यानं टेबलं विकली. मला सांगायला आला तेव्हा मी काही तरी कडक बोलायचं म्हणून तयारच होतो. म्हणालो, "तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"व्हय, सांगितलं होतं," तो म्हणाला.

"रंग टाकला असतास तर?"

"तर तुमी आला असता का जेवायला?"

तो पानशेतला चालला होता. धरणाच्या पाण्याकडं तोंड करून पुण्याच्या कुणी तरी काचेचं हॉटेल बांधलंय, शनिवार-रविवारच्या गाड्यांसाठी. त्यांना पाण्यातले नूडल करणारा माणूस पाहिजे होता. हसून म्हणाला, "तिकडची माणसं लाल खाऊन कटाळल्यात म्हणं." जाताना त्यानं मला विचारलं नाही, आता तुमी काय खाणार म्हणून. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? भट्टी काढायला मीच मदत केली. जोड सोडले, पाइप गुंडाळला. टेम्पो आला, गेला.

आता त्या गाळ्यात लाल चायनीज मिळतं. पाटी तीच आहे, शेवटचे दोन शब्द खोडून 'मिळते' केलंय. संध्याकाळी रांग लागते. माझा मेव्हणा घरच्यांना घेऊन येतो, खुर्चीत टेकून बसतो.

मी भाकरी शिकलो. चांगली येत नाही, पण येते. पहिल्या भाकऱ्या कुत्र्यानं हुंगून सोडल्या. आता कुत्रंही खातं आणि मीही खातो. मिठाचं अजून जमत नाही, आणि बरोबर आहे म्हणून सांगणारं कुणी नाही, त्यामुळं ते जमलं तरी मला कळेल की नाही सांगता येत नाही.

परवाच्या रविवारी मी पानशेतला गेलो. का गेलो ते विचारू नका. दोन एसट्या आणि एक जीप बदलली, कमरेचा खुळखुळा झाला. हॉटेल सापडायला अवघड नव्हतं. गाड्यांची रांग जिथं संपते तिथं दार. बाहेर लोक उभे, आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत. बोर्ड इंग्रजीत होता. त्यात काय मिळतं लिहिलं होतं की काय मिळत नाही, ते मला वाचता आलं नाही.

दारात एक मुलगी होती, हातात मोबाईल. नाव लिहून घ्यायला लागली आणि म्हणाली, "काका, किती जण आहात?"

भोरात मला हे कुणी कधी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मला सांगायची वेळच आली नव्हती. जरा वेळ लागला.

"एक," मी म्हणालो.

तिनं एवढंच लिहिलं आणि मला आत नेलं. भिंतीला दोन माणसांचं टेबल होतं. समोरचा चमचा आणि पेला उचलून घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, "हे तिखट नसतं हं काका, चालेल ना?" मी म्हणालो, चालंल.

स्वयंपाकघराला एक चौकोनी खिडकी होती. तिच्यातून वाडगे बाहेर यायचे. वाडग्यामागं दोन हात दिसायचे, कोपरापर्यंत. बाकी माणूस दिसत नव्हता. दिसायची गरज नव्हती. आजूबाजूला सगळी माणसं खात होती. आई-बाप, लेकरं, एक आजीबाई. वाडग्याला वाडगा. फोटो काढत होती, पण खातही होती, आणि खाऊन झाल्यावर मागं टेकून बसत होती.

हाक मारली असती तर तो बाहेर आला असता. हात पुसत आला असता, माझ्याजवळ बसला असता आणि मला उठवून दाराजवळच्या टेबलावर नेलं असतं, बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसेल असं. मी त्याला ओळखतो.

मी हाक मारली नाही. गरम होतं तोवर खाल्लं, रस्सा प्यालो आणि उठलो. दारातनं मागं वळून बघितलं. माझी खुर्ची अजून थंड झाली नव्हती, तेवढ्यात लाल चुडा भरलेली एक नवी नवरी आणि तिचा नवरा घाईघाईनं येऊन त्या टेबलावर बसले. माझ्या खुर्चीवर ती बसली. बसायच्या आधी तिनं ती हातानं झटकलीसुद्धा नाही.